वायपरच्या मोटरवरचा राजासॉरस

चतुर्थीला सिंधुदुर्गातल्या घराघरांत माटवीखाली गणपती बसतो. हौशी घर असेल तर त्याच्या बाजूला हलता देखावाही असतो. कुठे कालियाच्या फण्यावर कृष्ण डोलतो, कुठे गजेंद्राचा पाय धरलेली मगर जबडा उघडते आणि मिटते. दर्शनाला आलेली पोरं मोदकाकडे नंतर बघतात. आधी देखाव्याच्या मागे वाकून ‘मशीन खंय आसा’ ते शोधतात. मशीन म्हणजे बहुतेक वेळा जुन्या गाडीच्या वायपरची मोटर. ती बारा व्होल्टवर चालते, सावकाश फिरते, पण तिच्यातल्या गिअरमुळे तिला जोर चांगला असतो. फिरत्या चकतीला एक पट्टी जोडली की गोल फिरण्याचं पुढेमागे हलणं होतं आणि मगरीचा जबडा चालू लागतो.

चीनच्या सिचुआन प्रांतात झिगोंग नावाचं शहर आहे. तिथले कारागीर अशाच मोटरी डायनोसॉरच्या मानेत, जबड्यात आणि शेपटीत बसवतात. जगभरच्या मॉलमध्ये, जत्रांमध्ये आणि ‘डायनो पार्कां’मध्ये डुलणाऱ्या, डरकाळ्या फोडणाऱ्या डायनोसॉरांपैकी खूप मोठा वाटा या एका शहराचा आहे. हा योगायोग नाही. झिगोंगला कंदिलांच्या उत्सवाची जुनी परंपरा आहे. तारेचे सांगाडे उभारून त्यांवर कापड ताणायचं आणि आतून उजेड सोडून घराएवढे ड्रॅगन उभे करायचे, हे तिथल्या कारागिरांच्या हाडीमाशी मुरलेलं काम. त्यात १९७० च्या दशकात शहराजवळच्या दाशानपू इथे डायनोसॉरांच्या हाडांचा प्रचंड साठा सापडला. त्याच जागेवर १९८७ मध्ये संग्रहालय उघडलं. एका हाताला उत्सवी देखाव्याची कला होती आणि दुसऱ्या हाताला खरी हाडं. त्या दोन्हींतून एक उद्योगच उभा राहिला.

कृती ऐकली तर कोकणातल्या देखावेवाल्याला काहीच परकं वाटणार नाही. आधी लोखंडी सांगाडा वेल्डिंग करून घ्यायचा, सांध्यांवर मोटरी बसवायच्या, वरून जाड स्पंज चिकटवून कात्रीने स्नायूंचे उंचवटे कापून काढायचे. मग ताणलं जाणारं कापड आणि सिलिकॉन रबराचे थर, त्यावर खवल्यांची नक्षी आणि शेवटी रंग. पोटात किंवा पायाशी स्पीकर, समोर सेन्सर. माणूस जवळ आला की प्राणी जागा होतो. फार मोठ्या आकृत्यांना हवेच्या किंवा तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा लागते, पण मधल्या मापाच्या डायनोसॉरचं काम मोटरीवर भागतं. हे डायनोसॉर चालत मात्र नाहीत. पाय जमिनीला बोल्टने जखडलेले असतात, म्हणून सगळं नाट्य मानेच्या वर आणि कमरेच्या मागे घडतं.

हलत्या डायनोसॉरांचा हा खेळ चीनने सुरू केलेला नाही. १९३३ च्या शिकागो जागतिक मेळ्यात मेसमोर आणि डेमन या जोडीच्या कंपनीने यांत्रिक डायनोसॉर मांडले होते. १९६४ च्या न्यूयॉर्क मेळ्यात वॉल्ट डिस्नेच्या माणसांनी फोर्ड कंपनीच्या दालनासाठी ते केले. पुढे १९६६ मध्ये तेच डिस्नेलँडला गेले. १९८० च्या दशकात अमेरिकेची डायनामेशन आणि जपानची कोकोरो या कंपन्यांनी रबरी कातडीचे, हवेच्या दाबाने हलणारे डायनोसॉर संग्रहालयांत फिरवले. मग आला १९९३ चा ‘जुरासिक पार्क’. पुढच्या वर्षी तो हिंदीतून आपल्याकडे लागला आणि ज्यांनी इंग्रजी सिनेमा कधी पाहिला नव्हता, त्यांनाही टी-रेक्स माहीत झाला. त्यातला मोठा टी-रेक्स स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेने बनवलेलं सुमारे चार टनांचं यंत्र होतं. पावसाच्या दृश्यात त्याची स्पंजाची कातडी पाणी प्यायली, वजन वाढलं आणि तो थरथरू लागला. दोन शॉटच्या मध्ये माणसं टॉवेल घेऊन त्याला पुसत असत.

महाराष्ट्रात या प्रकाराचं ठळक उदाहरण कोकणातच आहे, फक्त वरच्या टोकाला. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळचं इमॅजिका हे मनोरंजन उद्यान २०१३ मध्ये सुरू झालं. तिथल्या पाण्यातल्या एका सफरीचं नाव ‘राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर’. नावेत बसायचं, हलत्या डायनोसॉरांच्या मधून जायचं आणि उतारावरून भिजत खाली यायचं. परदेशी टी-रेक्सऐवजी भारतीय डायनोसॉरचं नाव निवडलं, याबद्दल तिथल्या रचनाकारांना दाद द्यायला हवी. सहलीला आलेल्या शेकडो मुलांना असा प्राणी आपल्याच देशात होऊन गेला हे कदाचित तिथेच पहिल्यांदा कळलं असेल.

खरा राजासॉरस गुजरातेतला. बालासिनोरजवळच्या रैयोली परिसरात १९८० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी त्याची हाडं गोळा केली. बरीच वर्षं ती तशीच पडून राहिली. मग अमेरिकन आणि भारतीय शास्त्रज्ञांनी एकत्र बसून ती जुळवली आणि ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईत पत्रकार परिषद घेऊन नव्या प्राण्याची घोषणा केली. कवटीची प्रतिकृतीही तेव्हा सादर झाली. राजासॉरस नर्मदेन्सिस हे त्याचं पूर्ण नाव. आखूड, जाड कवटी, कपाळावर एक ठेंगणं बोथट शिंग, मागचे पाय दणकट. सुरुवातीला त्याची लांबी नऊ मीटरपर्यंत धरली जात होती; २०१६ च्या एका अभ्यासाने ती साडेसहा मीटरांच्या आसपास आणली.

मॉडेल बनवणाऱ्यापुढे खरी अडचण इथून सुरू होते. हाती लागलं ते कवटीचा मागचा भाग, मणके, कंबर, मागच्या पायांची आणि शेपटीची काही हाडं, एवढंच. पुढचे हात कसे होते? कातडी कशी होती? रंग कोणता? यासाठी नातेवाइकांकडे जावं लागतं. राजासॉरसचे भाऊबंद मादागास्करमध्ये आणि दक्षिण अमेरिकेत सापडले आहेत, कारण हे सगळे भूभाग पूर्वी एकमेकांना जोडलेले होते. अर्जेंटिनातल्या कार्नोटॉरसचे हात अगदीच पिटुकले होते आणि त्याच्या कातडीचे ठसेही दगडात उमटलेले मिळाले. त्या ठशांत खवले आहेत, पिसं नाहीत. म्हणजे राजासॉरसची कातडी खवल्यांची दाखवणं चूक नाही. हात लांब आणि पंजे उगारलेले दाखवले तर मात्र चूक. शिंग तलवारीसारखं उंच केलं की शास्त्र संपून पौराणिक नाटक सुरू झालं, असं खुशाल समजावं.

पिसांचा प्रश्न इतर डायनोसॉरांच्या बाबतीत जास्त नाजूक आहे. १९९६ मध्ये चीनमध्ये सायनोसॉरोप्टेरिक्स या छोट्या डायनोसॉरच्या अंगावर पिसांसारखी लव असल्याचं जाहीर झालं. २०१० मध्ये त्याच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते, इथवर शोध पोहोचला. ‘जुरासिक पार्क’ने जगभर गाजवलेल्या व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा २००७ मध्ये दाखवल्या गेल्या. शिवाय तो माणसाएवढा नव्हताच. मोठ्या टर्कीएवढा होता. तरीही प्रदर्शनांतला रॅप्टर अजून माणसाच्या उंचीचा आणि पालीच्या कातडीचा असतो. कारण सरळ आहे. साच्यातून ओतलेली सिलिकॉनची कातडी स्वस्त पडते, पिसं एकेक लावावी लागतात, पावसात भिजून ती लोंबतात आणि दुरुस्तीला खर्च येतो. दुसरं कारण गिऱ्हाइकाचं. तिकीट काढून आलेल्याला सिनेमातलाच रॅप्टर हवा असतो.

आवाजाची गोष्ट याहून गंमतीची. टी-रेक्सची ती डरकाळी ध्वनिसंयोजक गॅरी रिडस्ट्रॉम यांनी हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगरीच्या जातीचा ॲलिगेटर यांचे आवाज मिसळून तयार केली. तोंड वासून फोडलेली डरकाळी ही सिंह-वाघांची रीत. डायनोसॉरांचे आजचे जवळचे नातेवाईक म्हणजे पक्षी आणि मगरी. पारवा चोच मिटून, गळा फुगवून घुमतो; मगरही तोंड फारसं न उघडता खोल घुमारा काढते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पक्ष्यांतली ही सवय किती जुनी आणि किती वेळा उद्भवलेली आहे ते तपासलं. काही डायनोसॉरही असेच घुमत असतील, ही शक्यता त्यातून पुढे आली. तोंड मिटलेला टी-रेक्स समोर उभा आहे आणि छातीत धडधड उठेल असा घुमारा जमिनीतून येतो आहे! भीती दाखवायचीच असेल तर ही कल्पना डरकाळीहून कितीतरी वरचढ आहे. पण जबड्यात बसवलेल्या मोटरीचे पैसे वसूल व्हायचे असतात.

त्या जबड्याबद्दलही मत बदललं आहे. टी-रेक्सचे दात बाहेर डोकावत नसावेत, पालींसारखे ओठांनी झाकलेले असावेत, असं २०२३ च्या एका शोधनिबंधाने मांडलं. वाद अजून मिटलेला नाही, पण झाकल्या दातांचा डायनोसॉर कुणी बनवायला घेईल असं वाटत नाही. दातच तर पोस्टरवर छापायचे असतात.

हलत्या डायनोसॉरांची सगळ्यात मोठी चूक मात्र अंगरचनेत नाही, वागण्यात आहे. ते सतत हलतात. मान डावीकडे, मान उजवीकडे, जबडा उघड, जबडा मिट, शेपूट हलव, पुन्हा पहिल्यापासून. जिवंत शिकारी प्राणी असं कधी करत नाही. मगर तासन्‌तास ओंडक्यासारखी पडून राहते. ती हलत नाही म्हणूनच ती भयंकर वाटते. सिंधुदुर्गातल्या दशावतारी मंडळींना ही गोष्ट पाठ आहे. ‘ट्रिकसीनयुक्त’ नाटकाची जाहिरात वाचून रात्र जागवायला आलेला प्रेक्षक दोन-दोन तास संवाद आणि पदं ऐकतो, आणि नाग फणा काढतो तो नेमक्या एका क्षणी. मग मागच्या रांगेतून ‘खरोच दिसता मरे!’ असा उद्गार निघतो. तो नाग खरा नाही हे म्हणणाऱ्यालाही माहीत असतं. हालचाल कधी करायची यापेक्षा कधी करायची नाही हे ज्याला कळलं, त्याचा देखावा जिंकला.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची आणि चित्रकथीची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. लाकडी बाहुली, काही दोरे आणि ते हलवणारी बोटं एवढ्यावर तिथे देव-दानव उभे राहतात. याच तत्त्वावर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘वॉकिंग विथ डायनोसॉर्स’ हा रंगमंचीय खेळ सुरू झाला. त्यातले मोठे डायनोसॉर एकाच ठिकाणी खिळलेले नाहीत. ते मैदानभर फिरतात. पोटाखाली लपलेल्या गाडीत चालक बसतो आणि दूर बसलेले बाहुलीकार मान, शेपटी, डोळे हलवतात. बाहुलीकाराने हात वळवला की तिकडे डायनोसॉरची मान वळते. ठरावीक क्रम गिरवणाऱ्या यंत्रापेक्षा तो खेळ जिवंत वाटतो, कारण पडद्याआड माणूस आहे आणि समोरच्या प्रेक्षकाचा श्वास त्याला कळतो.

आता एक गैरसमज दूर केलेला बरा. कधी काळी मालवणच्या सड्यावरही डायनोसॉर हिंडले असतील आणि त्यांची हाडं जांभ्याखाली पुरलेली असतील, असं कुणाला वाटेल. हिंडले असतीलही, पण हाडं मिळण्याची आशा ठेवू नये. सिंधुदुर्गातले पायाचे खडक डायनोसॉरांहून फार जुने. वर सह्याद्रीचा काळा पाषाण हा लाव्हाचा. आणि जांभा तर पावसाने खडक कुजवून, त्यातलं विरघळण्यासारखं सारं धुऊन नेऊन बनलेला. त्यात हाड टिकत नाही. राजासॉरसच्या काळात हा किनाराही नव्हता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या काळात दख्खनचा लाव्हा उसळत होता, आणि आज हजारो किलोमीटर दूर असलेला सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटण्याच्या बेतात होता. तो सुटल्यावर आपली पश्चिम किनारपट्टी आकाराला आली. आंबोलीचा घाट चढताना उजव्या-डाव्या हाताला दिसतो तो लाव्हा डायनोसॉरांच्या अखेरच्या दिवसांचा साक्षीदार आहे. जीवाश्म नसले तरी एवढं नातं आहेच.

महाराष्ट्रातली डायनोसॉरांची खरी दौलत पूर्वेला, चंद्रपूर जिल्ह्यात. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जीवाश्म गोळा केले. शेजारच्या डोंगरगावात १९८० च्या दशकात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी एका लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा काढला. तो आज इसीसॉरस या नावाने ओळखला जातो. संस्थेच्या आद्याक्षरांवरून हे नाव आलं. त्याची कवटी मिळालेली नाही. तेव्हा कुठल्याही प्रदर्शनात इसीसॉरस मान वळवून तुमच्याकडे बघू लागला, तर ते तोंड नातेवाइकांवरून बेतलेलं आहे हे ओळखावं.

पिसदुऱ्याने जगाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट हाड नाही, शेण आहे. दगड झालेलं शेण. डायनोसॉरच्या चित्रात किंवा देखाव्यात हिरवंगार गवत दाखवलं की जाणकार नाक मुरडत. डायनोसॉर संपल्यानंतरच गवत पसरलं, असं मानलं जाई. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या त्या शेणात सूक्ष्मदर्शकाखाली गवताच्या पेशींतले वाळूसारखे कण शोधले आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. डायनोसॉर गवत खात होते! २०११ मध्ये त्याच शेणातून भाताच्या कुळातल्या गवताचे अंशही ओळखले गेले. म्हणजे चुकीचा म्हणून हसला गेलेला गवतातला डायनोसॉर, निदान भारतापुरता, बरोबर निघाला. शास्त्रशुद्ध देखावा म्हणजे एकदा करून कायमचा ठेवण्याची वस्तू नव्हे, याचा इतका चांगला दाखला दुसरा नाही. संग्रहालयाने दर काही वर्षांनी पाटी तरी बदलायला हवी.

मग सिंधुदुर्गात डायनोसॉर आणावेत का? १९९७ मध्ये हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यामुळे असल्या पार्कची कल्पना कुणा ना कुणाच्या डोक्यात येणारच. तयार माल मागवून किनाऱ्यावर उभा करण्याला या लेखाचा पाठिंबा नाही. इथला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो आणि वारा खारा. लोखंडी सांगाडा गंजणार, मानेजवळची कातडी फाटून पिवळा स्पंज बाहेर येणार, आणि दोन पावसाळ्यांनंतर मुलं टी-रेक्सला बघून घाबरण्याऐवजी हळहळतील. शिवाय टी-रेक्स, स्टेगोसॉरस आणि उडते सरडे एकाच अंगणात उभे राहणार. यातला स्टेगोसॉरस टी-रेक्सच्या सुमारे आठ कोटी वर्षं आधीचा, आणि ते उडते सरडे मुळात डायनोसॉर नव्हतेच.

त्यापेक्षा एक भारतीय प्रसंग आहे, कमी खर्चाचा आणि पुराव्याला पक्का. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले नागपूरचे धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात गुजरातेत ढोली डुंगरी इथे डायनोसॉरचं घरटं मिळालं. अंडी होती, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची हाडं होती. सगळी हाडं पिल्लाचीच समजली गेली. २००१ मध्ये जेफ्री विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाला त्यात सापाचे मणके दिसले. फुटलेल्या अंड्याभोवती साडेतीन मीटरचा साप वेटोळं घालून बसला होता, शेजारी जेमतेम अर्ध्या मीटरचं पिल्लू, आणि त्याच क्षणी सगळेच गाळाखाली गाडले गेले. २०१० मध्ये या सापाला सनाजेह इंडिकस हे नाव मिळालं. आजच्या अजगरासारखा जबडा ताणणं त्याला जमत नसे, म्हणून तो अखंड अंडी गिळू शकत नव्हता. पिल्लू बाहेर पडण्याची वाट बघत असावा. अमेरिकेतल्या टायलर केलर या शिल्पकाराने हा प्रसंग पूर्ण आकारात घडवला, पण तो हलत नाही.

मालवण-कुडाळकडच्या कोणत्याही चांगल्या देखावेवाल्याला तो हलवता येईल. तीन मोटरी पुरतात: सापाच्या मानेला एक, पिल्लाच्या डोक्याला एक, आणि न फुटलेलं अंडं मधूनच किंचित हलवायला एक. डरकाळी नको. सापाने बराच वेळ काहीच करू नये. शेजारच्या पाटीवर मराठीत लिहावं, की ही हाडं सापडली, हा रंग आम्ही कल्पनेने दिला, आणि आजच्या पक्ष्यांचे पूर्वज डायनोसॉरच असल्यामुळे परसातली कोंबडी या पिल्लाची लांबची भाची लागते. कोंबडी-वडे खाणाऱ्याने हे मनावर घेऊ नये. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनाला आणि सार्वजनिक मंडळांच्या देखाव्याला हा विषय सारखाच शोभेल. येत्या चतुर्थीला कुणीतरी तो जरूर करून पाहावा.